आकडा कुठून मोजला, ते आधी सांगा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दहावी-बारावीचे निकाल लागले की करिअर पुरवण्यांत संगणकावरच्या त्रिमिती आरेखनावर (थ्रीडी मॉडेलिंगवर) लेख येतात. स्केचअप, ब्लेंडर, ऑटोकॅड ही सॉफ्टवेअरची नावे येतात, अभ्यासक्रमांचा कालावधी येतो, नोकऱ्यांच्या शक्यता येतात. मॉडेलमधली वस्तू नेमक्या जागी कशी बसवायची, हा त्या कामातला पहिला आणि रोजचा प्रश्न मात्र कुठे दिसत नाही. बहुतेक क्लासांतही सुरुवात ‘धरा, ओढा, सोडा’ अशीच होते. पडद्यावर दोन फळ्या चिकटलेल्या दिसल्या की काम झाले असे धरले जाते. झूम केले की मधे पाऊण मिलिमीटरची फट निघते, नाहीतर एक फळी दुसरीच्या पोटात शिरलेली असते. दृश्य फिरवले तर समोरून चिकटलेली वस्तू कधी कधी दोन मीटर मागे तरंगताना सापडते. यात विद्यार्थ्याचा हात कच्चा असतो असे नाही. पडदा सपाट, माउस दोनच दिशांना हलणारा. तिसऱ्या दिशेत वस्तू किती आत न्यायची हे सॉफ्टवेअर स्वतःच्या अंदाजाने ठरवते.

गवंडी भिंत नजरेने उभारत नाही. तो ओळंबा सोडतो, कोपऱ्याला गुण्या लावतो, पाणसळ ठेवतो. मॉडेलमध्ये हे काम आकडे करतात. आपल्या राज्य मंडळाच्या नववीच्या गणितात ‘निर्देशक भूमिती’ हे प्रकरण आहेच: आरंभबिंदू, दोन अक्ष, चार चरण. सॉफ्टवेअर त्यात उंचीचा तिसरा अक्ष मिळवते, बाकी सारे तेच. तरी आलेखाच्या वहीत (३, −२) बिनचूक मांडणारी मुलगी संगणकापुढे बसली की तिच्या हातात माउस देऊन ‘जुळव’ म्हटले जाते.

पुस्तकांच्या कपाटाचे उदाहरण घेऊ. १८ मिलिमीटर प्लायवूड, बाहेरून रुंदी ९००, खोली ३००, उंची १८००, आत पाच कप्पे. स्केचअप उघडताना मिलिमीटरचा टेम्पलेट निवडावा. मॉडेल इन्फोमधल्या युनिट्स या पानावर ‘लेंग्थ स्नॅपिंग’ची खूण काढून टाकावी, कारण ती असली तर ओढलेली लांबी ठरावीक टप्प्यांवर उड्या मारते. तिथेच अचूकता एका दशांश स्थळापर्यंत ठेवावी. मापाच्या चौकटीत आकड्याआधी ~ असे नागमोडी चिन्ह दिसले, तर खरे माप वेगळे आहे आणि दाखवलेला आकडा जवळचा आहे. ‘~ ३५६’ म्हणजे ३५६ नव्हे. हे चिन्ह नजरेआड करणारे पुढे प्लाय कापताना अडतात.

डावी बाजू आरंभबिंदूपासून सुरू करावी. आयताचे टूल घेऊन आरंभबिंदूवर क्लिक, माउस जरा उजवीकडे-मागे, आणि काहीही न धरता १८,३०० टाइप करून एंटर. आयत आडवा पडला, तर पुसायची गरज नाही. लगेच ३००,१८ टाइप केले की तो वळतो. मग पुश-पुल या पृष्ठभाग ओढणाऱ्या टूलने वर उचलून १८०० एंटर. तीनदा क्लिक करून पूर्ण फळी निवडावी आणि जी (G) ही कळ दाबून तिचा कंपोनंट, म्हणजे स्वतंत्र सुटा भाग, करावा. हा कंपोनंट केला नाही तर पुढची फळी टेकवताच दोघींच्या कडा एकजीव होतात आणि एक हलवली की दुसरी ताणली जाते. नवशिक्यांचे निम्मे रडे याचेच असते.

उजवी बाजू म्हणजे डावीची नक्कल. मूव्ह टूल, कंट्रोल एकदा दाबून नक्कल चालू, डावीचा कोपरा धरायचा, उजवा बाण दाबून हालचाल तांबड्या (डाव्या-उजव्या) अक्षाला बांधायची, ८८२ एंटर. ९०० नव्हे. दुसऱ्या फळीची जाडी ९०० मधेच बसायची असते, म्हणून ९०० वजा १८. डावा बाण हिरव्या (पुढच्या-मागच्या) अक्षाला बांधतो, वरचा बाण निळ्या म्हणजे उभ्या अक्षाला.

आडवी फळी ८६४ × ३०० × १८ मापाची, बाजूला कुठेही काढली तरी चालते. कंपोनंट करून मूव्ह टूलने तिचा पुढचा-डावा-खालचा कोपरा पकडावा आणि [१८,०,०] असे चौकोनी कंसात टाइप करावे. चौकोनी कंस म्हणजे आरंभबिंदूपासूनचा पत्ता. ‘पेक्षा लहान’ आणि ‘पेक्षा मोठे’ या चिन्हांचे टोकदार कंस वापरले, तर तोच आकडा जिथून उचलले तिथून मोजला जातो. हे सांगितले जाते. यापेक्षा महत्त्वाची गोष्ट सांगायची राहून जाते: त्या पत्त्यावर अख्खी फळी जात नाही, तुम्ही पकडलेला बिंदू जातो. कोपऱ्याऐवजी कडेचा मध्य धरला गेला असेल तर मध्य [१८,०,०] वर जाईल, फळी ४३२ मिलिमीटर डावीकडे सरकेल, आणि विद्यार्थी आकड्याला दोष देईल. पकडण्यापूर्वी बिंदूवर ‘एंडपॉइंट’ असा हिरवा ठिपका येऊ द्यावा.

आता कप्पे. इथे गणित चुकते ते नेहमी एकाच प्रकारे: १८०० भागिले ५ म्हणून दर ३६० वर फळी. तसे केले तर सर्वांत वरची फळी १८०० वर सुरू होऊन १८१८ ला संपते, म्हणजे बाजूंच्या वर डोकावते. पाच कप्प्यांना फळ्या सहा लागतात. १८०० मधून सहा फळ्यांचे १०८ वजा, उरले १६९२, प्रत्येक कप्पा ३३८.४ मोकळा, आणि एका फळीच्या तळापासून पुढच्या फळीच्या तळापर्यंत ३५६.४. हा आकडा टाइपही करावा लागत नाही. तळाच्या फळीची नक्कल वरच्या बाणाने १७८२ वर न्यावी, एंटर, आणि दुसरे काही करण्यापूर्वी /५ एंटर. मधल्या चार फळ्या आपोआप समान अंतरावर बसतात. उलट, एका पायरीवर नक्कल करून ५x सारखा गुणाकार लिहिला तर तेवढ्याच अंतराने पुढे नकला होत जातात, तिथे ३५६.४ ऐवजी ३५६ लिहिले तर पाचव्या नकलेपर्यंत २ मिलिमीटरची तूट साठते. टोके पक्की करून भाग पाडणे केव्हाही बरे. सुतार तरी काय करतो? आधी वरची-खालची फळी ठोकतो, मग मधल्या वाटून घेतो.

साइटवर फूट, इंच आणि सूत चालते, त्याची अडचण मानू नये. टेम्पलेट मिलिमीटरचा असला तरी आकड्यापुढे इंचाची किंवा फुटाची खूण लिहिली की सॉफ्टवेअर रूपांतर करते. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, ३.१७५ मिलिमीटर. मिस्त्रीने ‘दोन सूत कमी’ म्हटले तर ६.३५ लिहावे, ६ लिहून मोकळे होऊ नये.

टाइप करण्यातल्या दोन साध्या चुका. पहिली, हजाराचा स्वल्पविराम. १,२०० असे लिहिण्याची आपल्याला सवय. सॉफ्टवेअर ते एक आणि दोनशे असे दोन निर्देशक समजते. दुसरी, कळफलक मराठीवर राहून जाणे. या पत्रात आकडे देवनागरीत असले तरी मापाच्या चौकटीत इंग्रजी आकडेच लागतात. जर्मनी-फ्रान्समध्ये शिकणाऱ्या मराठी मुलांच्या संगणकावर स्वल्पविराम दशांश चिन्ह म्हणून बसवलेला असतो. तिथे स्केचअप निर्देशकांच्या मधे अर्धविराम मागते. पुण्यातल्या व्हिडिओवरून शिकणारा तिथे अर्धा तास घालवतो.

आता शाळांकडे. केंद्र सरकारची शाळांसाठीची अटल टिंकरिंग लॅबची योजना २०१६ पासून चालू आहे आणि अनेक शाळांत थ्रीडी प्रिंटर पोचले आहेत. तिथे मुख्यतः टिंकरकॅड हे ब्राउझरमधले सोपे सॉफ्टवेअर वापरतात, आणि मुलांसाठी ते योग्यच आहे. पण नावाची पट्टी आणि किचेन यापुढे काम सरकत नाही, याचे एक कारण भोके जुळत नाहीत हे आहे. ६० × ४० × ३ मिलिमीटरची पट्टी, चार कोपऱ्यांत एम३ (३ मिलिमीटर जाडीच्या) स्क्रूची भोके, कडेपासून केंद्र ५ मिलिमीटरवर, एवढाच नमुना पाहा. भोकाचा व्यास ३.४ हवा. माउसने ओढताना वस्तू १ मिलिमीटरच्या ग्रिडवर अडकत चालते, त्यामुळे हवा तो आकडा हाताने मिळतच नाही. रुलर घेऊन पट्टीच्या कोपऱ्यावर ठेवावा. मग कोणतीही वस्तू निवडली की तिच्या मापांच्या आणि अंतरांच्या चौकटी उघडतात आणि त्यांत आकडा भरता येतो. गोम अशी की ते अंतर वस्तूच्या कडेपर्यंतचे असते. केंद्र ५ वर हवे म्हणून ५ भरले, तर भोकाची कड ५ वर बसते आणि केंद्र ६.७ वर जाते. भरायचा आकडा ५ वजा १.७, म्हणजे ३.३. नाहीतर रुलरवरच्या बटणाने मोजणी वस्तूच्या मध्यापासून करून घ्यावी आणि ५, ५५, ५, ३५ सरळ भरावेत.

त्याच पट्टीत आणखी दोन सापळे आहेत. टिंकरकॅडमध्ये दंडगोल वजा करून भोक पाडतात, आणि तो दंडगोल सुरुवातीला २० बाजूंचा असतो. गोल दिसतो, पण समोरासमोरच्या सपाट बाजूंमधले अंतर ३.४ ऐवजी ३.३६ भरते, त्यात प्लास्टिकच्या छपाईत भोक थोडे आवळतेच. बाजूंची संख्या ६४ करावी. आणि भोकाचा दंडगोल पट्टीएवढाच ३ मिलिमीटर उंच ठेवू नये. दोन पृष्ठभाग अगदी एका पातळीत आले की कुठे वजाबाकी करायची याचा सॉफ्टवेअरला घोळ होतो आणि भोकावर कागदासारखा पापुद्रा राहू शकतो. दंडगोल १० मिलिमीटर करावा, उणे ३ पासून सुरू करावा, म्हणजे दोन्ही बाजूंनी आरपार जाईल.

ब्लेंडरची भानगड वेगळी आहे. एन (N) ही कळ दाबली की उजवीकडे लोकेशनच्या तीन चौकटी दिसतात. जी (G), मग एक्स (X), मग २.५, एंटर असे केले की वस्तू एक्स अक्षावर अडीच मीटर सरकते. सोपे आहे. पण ते लोकेशन वस्तूच्या कोपऱ्याचे नसते, तिच्या ओरिजिनचे असते. ओरिजिन म्हणजे तो छोटा नारिंगी ठिपका. एडिट मोडमध्ये जाऊन सगळे बिंदू सरकवले तर वस्तू हलते, ठिपका जागीच राहतो, आणि चौकटीत ०, ०, ० कायम! वस्तू दुसऱ्या वस्तूची ‘चाइल्ड’ असेल तर तिथे दिसणारे आकडे पालक वस्तूपासून मोजलेले असतात. म्हणून आकडा वाचण्याआधी ओरिजिन कुठे आहे ते पाहावे. हवे तर ऑब्जेक्ट मेन्यूतून तो वस्तूच्या मध्यावर आणावा. ऑब्जेक्ट मोडमध्ये वस्तू ताणली असेल तर कंट्रोल-ए दाबून स्केल लागू करावे, नाहीतर पुढे कडा गोलवताना एका दिशेला गोलाई जास्त आणि दुसरीला कमी येते.

प्रिंटरसाठी एसटीएल (वस्तूचा आकार सांगणारी फाइल) काढताना एककच सोबत जात नाही, नुसता आकडा जातो. ब्लेंडर आत मीटरमध्ये मोजते, प्रिंटरचे सॉफ्टवेअर आलेला आकडा मिलिमीटर समजते. युनिट्समध्ये फक्त मिलिमीटर निवडून २० मिलिमीटरचा ठोकळा केला, तर आत साठतो ०.०२, आणि छपाईच्या पडद्यावर तो धुळीच्या कणाएवढा येतो. निर्यात करताना स्केल १००० ठेवावे. फाइल बिघडली म्हणून पुन्हा काढत बसण्यात अर्थ नसतो, आकडा हजारपट लहान आहे इतकेच.

फिरवणे आणि सरकवणे यांच्या क्रमाबद्दल थोडक्यात. आरंभबिंदूपासून एक्सवर १०० अंतरावरची वस्तू आरंभबिंदूभोवती ९० अंशांत फिरवली तर ती वायवर १०० अंतरावर जाते. आधी फिरवून मग सरकवली तर एक्सवर १०० वरच राहते. ओपनएससीएडीसारख्या ठिकाणी, जिथे सगळे लिहूनच करायचे असते, हा क्रम चुकला की भाग भलत्याच कोपऱ्यात सापडतो. आधी फिरवा, मग हलवा.

बांधकामाच्या आरेखनात मात्र चुकीची किंमत मोठी असते. ऑटोकॅडमध्ये ५०,३० म्हणजे आरंभबिंदूपासून, @५०,३० म्हणजे मागच्या बिंदूपासून, असे पुस्तकात असते. डायनॅमिक इनपुट, म्हणजे कर्सरजवळच आकडे भरण्याची सोय, चालू असले (एफ१२) की पहिल्यानंतरचे बिंदू @ न लिहिताही सापेक्षच धरले जातात, आणि मूळ पत्ता हवा असल्यास आधी # लिहावे लागते. जुन्या पुस्तकावरून शिकलेला आणि नव्या आवृत्तीवर बसलेला इथेच गोंधळतो. कोन पूर्वेपासून घड्याळाच्या उलट दिशेने मोजला जातो, तर सर्वेक्षक उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने मोजतो. सर्वेक्षकाचे ६० अंश म्हणजे ऑटोकॅडचे ३०. वास्तुविशारद आणि स्ट्रक्चरल सल्लागार यांनी पहिल्याच दिवशी ठरवावे की ए आणि १ या दोन ग्रिडरेषांचा छेद म्हणजे ०,०. तेवढे ठरले नाही तर दोघांच्या फाइली एकमेकींवर ठेवताना कोणीतरी ‘साधारण जुळवतो’, आणि कॉलम भिंतीच्या बाहेर डोकावतो.

जमिनीच्या मोजणीचे आकडे थेट मॉडेलमध्ये ओतणे, ही सध्या वाढत चाललेली खोड आहे. पृथ्वीचे उभे पट्टे पाडून जागा मीटरमध्ये सांगणाऱ्या यूटीएम पद्धतीत पुण्याचे नॉर्दिंग (उत्तरेकडचे अंतर) सुमारे २० लाख ४८ हजार मीटर आणि ईस्टिंग (पूर्वेकडचे अंतर) सुमारे ३ लाख ८० हजार मीटर येते. ब्लेंडर निर्देशक ३२ बिटांत साठवते. त्यात साधारण सात अंक टिकतात. एवढ्या मोठ्या आकड्याशी आल्यावर उत्तर-दक्षिण दिशेत दोन शेजारच्या बिंदूंमधले किमान अंतर १२.५ सेंटिमीटर होते, पूर्व-पश्चिम दिशेत सुमारे ३ सेंटिमीटर. म्हणजे नऊ इंची भिंतीच्या दोन कडा १२.५ सेंटिमीटरच्या खाचांत कुठेतरी जाऊन बसतात. नाशिकला नॉर्दिंग २१ लाखांच्या पुढे जाते आणि ती खाच २५ सेंटिमीटर होते. भिंत नाहीशीही होऊ शकते. ऑटोकॅड आणि स्केचअप यांची साठवण अधिक अंकांची आहे, पण लांबवरच्या आकड्यांवर त्यांचेही दृश्य थरथरते, कडा कापल्या जातात. एकक मीटरऐवजी मिलिमीटर केल्याने काही सुटत नाही, आकडा तेवढाच फुगतो. उपाय साधा: सर्व ईस्टिंगांमधून ३७९०००, सर्व नॉर्दिंगांमधून २०४८००० वजा करावेत, मॉडेल शून्याजवळ आणावे, आणि वजा केलेले दोन आकडे आरेखनाच्या कोपऱ्यात मोठ्या अक्षरांत लिहावेत. हे लिहिणे राहिले, तर सहा महिन्यांनी मॉडेल पुन्हा जमिनीवर कुणालाच ठेवता येत नाही.

महाराष्ट्र दोन यूटीएम पट्ट्यांत पडतो, हेही लक्षात असावे. ७८ अंश रेखांशाच्या पश्चिमेला ४३, पूर्वेला ४४. अमरावती ४३ मध्ये, नागपूर ४४ मध्ये. अमरावतीचे ईस्टिंग पावणेआठ लाखांच्या पुढे आणि नागपूरचे सुमारे तीन लाख. दोन्ही फाइली तशाच एकत्र केल्या तर नागपूर अमरावतीच्या पश्चिमेला पावणेपाचशे किलोमीटरवर जाऊन बसते. अक्षांश-रेखांश वापरणाऱ्यांचा घोटाळा त्याहून मजेशीर: मोबाइलवरचा नकाशा आधी अक्षांश देतो, मॉडेलमध्ये एक्स म्हणजे रेखांश. १८.५२, ७३.८६ उलटे भरले की पुणे नॉर्वेच्या उत्तरेला, बेअर बेटाच्या दक्षिणेकडच्या समुद्रात उतरते.

काम संपल्यावर तपासणीही आकड्यांनीच करावी. स्केचअपमध्ये टेक्स्ट टूलने कोपऱ्यावर क्लिक केले की त्या बिंदूचे तिन्ही निर्देशक लिहून येतात. ऑटोकॅडमध्ये आयडी ही कमांड तेच करते. शाळांना आणि क्लासांना आमची सूचना एवढीच, की नववीचे निर्देशक भूमितीचे प्रकरण चालू असेल त्याच आठवड्यात संगणक कक्षात हे कपाट करून घ्यावे, आणि गुण देताना चित्र न बघता सर्वांत वरच्या फळीच्या पुढच्या-उजव्या-वरच्या कोपऱ्यावर क्लिक करावे. तिथे ८८२, ०, १८०० आले पाहिजे. ९०० आले तर फळी बाजूच्या फळीत शिरली आहे, आणि १८१८ आले तर कप्प्यांचा भागाकार चुकला आहे.

आपले,
त्रिमिती आरेखन शिकविणारे काही वाचक